वीगन व्हा, पण नवं सोवळं नको

ब्रिटनमध्ये 'मी वीगन आहे', म्हणजे दूध-मधासकट प्राण्यांपासून आलेलं काहीच खात नाही, हे एकदा सांगितलं की विषय संपतो. समोरचा मेनू पुढे करतो, त्यावर खुणा असतात, माणूस आपलं आपलं निवडून घेतो. तेच वाक्य ठाण्याच्या नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या एखाद्या स्वयंपाकघरात म्हटलं की विचारतात, "म्हणजे शाकाहारीच ना?" आणि लगेच, "दूधसुद्धा नाही? मग चहा?" खरा प्रश्न मात्र कुणी तोंडाने विचारत नाही: हा आता आमच्या ताटाला नावं ठेवणार का?

या न विचारलेल्या प्रश्नाला कारण आहे. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवायचा आदेश कल्याण-डोंबिवली महापालिकेनं काढला आणि त्यावरून वाद पेटला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला शालेय पोषण आहारातल्या अंड्यांचा निधी राज्य सरकारनं थांबवला, तेव्हाही हेच झालं. घर भाड्याने देताना घातलेली 'नॉनव्हेज चालणार नाही' ही अट तर मुंबई-ठाण्यात जुनीच. या सगळ्या वादांत दूध, तूप आणि पनीर नेहमी शुद्ध बाजूला बसलेले असतात. वीगन माणसाला त्या बाजूला जागाच नाही, कारण त्याचा आक्षेप दुधावरही आहे. तरी लोक त्याला तिथेच नेऊन बसवतात, आणि कधी कधी तो स्वतःहून जाऊन बसतो.

तसं त्यानं बसू नये, असं मला इथून, ब्रिटनमधून, फार तळमळीनं वाटतं. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या किंवा ठाण्यातल्या चेंदणीच्या कोळीवाड्यात मासळीवर पिढ्यान्‌पिढ्या घरं चालली आहेत. ब्रिटनमधली चळवळ बंदिस्त शेडमध्ये दाटीवाटीनं वाढवलेल्या कोंबड्या आणि डुकरं डोळ्यांपुढे ठेवून बोलते. तिच्या घोषणा जशाच्या तशा उचलून खाडीत जाळं टाकणाऱ्या माणसाला ऐकवणं अन्यायाचं आहे. 'वीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला, आणि २०२० मध्ये इथल्या रोजगार न्यायाधिकरणानं नैतिक वीगन विचाराला कायद्याचं संरक्षण मिळू शकतं असा निर्णय दिला. त्या संरक्षणाचा अर्थ इतकाच, की माणसाला त्याच्या श्रद्धेमुळे त्रास होऊ नये. त्याच्या श्रद्धेपायी शेजाऱ्याचं दुकान बंद व्हावं, असा तो नाही.

घरात हीच गोष्ट भांड्यांच्या रूपानं येते. वेगळी कढई, वेगळा तवा, फ्रिजमधला वेगळा कप्पा अशा मागण्या सुरू झाल्या की आजीच्या पिढीनं मोठ्या कष्टानं मागे टाकलेलं सोवळं मागच्या दारानं परत येतं. ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्याला वेगळं भांडं हवंच. वीगन माणसाला घासून धुतलेली कढई पुरते. त्याला हवा असतो स्वयंपाकाचा क्रम.

तो क्रम असा. मिश्र घरात वाटण एकच करायचं: ओलं खोबरं, धणे, लाल मिरच्या, लसूण, चिंच. पाच माणसांचा रस्सा एकत्र उकळवायचा आणि सुरमईच्या तुकड्या पडायच्या आधी त्यातल्या दोन वाट्या दुसऱ्या पातेल्यात काढून घ्यायच्या. त्यात आधी वाफवलेल्या शेवग्याच्या शेंगा, सुरणाचे तुकडे किंवा रात्रभर भिजवून शिजवलेले पांढरे वाटाणे घालून पाच मिनिटं उकळी द्यायची. कच्चं सुरण थेट चिंचेच्या रश्शात टाकायचं नाही. आंबटात भाज्या आणि कडधान्यं नीट शिजत नाहीत. मासळीत नुसत्या पाण्याचा रस्सा चालून जातो, कारण मासा स्वतःची चव सोडतो. भाजीच्या पातेल्यात ती चव नसते, म्हणून तिथे दोन चमचे वाटण जास्तीचं लागतं. फोडणी तेलाची असली आणि तूप पानात वरून वाढलं, तर वरण, आमटी, उसळ, पिठलं, भरीत यांतलं काहीच वेगळं करावं लागत नाही.

ठाण्याच्या परिसरातलं जेवण या बाबतीत फार श्रीमंत आहे. वालाचं बिरडंच घ्या. चार माणसांना २०० ग्रॅम कडवे वाल दहा-बारा तास भिजवायचे, एक दिवस फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे. हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर हळद-तिखट घालून वाल परतायचे, बुडतील इतकं गरम पाणी घालून मंद आचेवर शिजवायचे. आमसूल आणि गूळ वाल बोटानं दबल्यावरच. आमसूल आधी पडलं की डाळिंब्या, म्हणजे सोललेले वाल, टणक राहतात, आणि मग माणूस डाव फिरवत बसतो, त्यात त्यांचा लगदा होतो. शेवटी अर्धी वाटी ओलं खोबरं. एका माणसाच्या वाट्याला यातून साधारण बारा ग्रॅम प्रथिनं येतात. पावसाच्या सुरुवातीला बाजारात आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी आणतात, तिच्यासोबत काकडं ही आंबट फळं देतात. ती काकडं नेमानं घालायची, नाहीतर घसा खाजतो. शेवळात सोडे (सुकी कोळंबी) किंवा खिमा घालायची रीत आहे. तिथे भिजवलेली चणाडाळ किंवा सोललेले वाल तितकेच जमतात. अळूवडी, सोलकढी, झुणका यांना तर हातही लावावा लागत नाही.

चहा मात्र अडतो. सोया दूध आल्याच्या उकळत्या चहात ओतलं की फाटतं, कारण उष्णता आणि आम्लता दोन्ही एकदम त्याच्या प्रथिनांवर येतात. दोन कपांना दीड कप पाणी, आलं, गवती चहा, साखर आणि पावडर नीट उकळून गाळून घ्यावी. अर्धा कप सोया दूध वेगळं वाफ येईपर्यंत गरम करावं, उकळू नये. मिनिटभर थांबून चहा दुधात हळूहळू ओतावा. घरी गाळलेल्या ओटच्या दुधाचा चहा बुळबुळीत होतो, कारण गरम झाल्यावर त्यातला स्टार्च फुगतो. मिश्र घरात सोपा उपाय हाच, की कोरा चहा सगळ्यांचा एकत्र उकळायचा आणि दूध कपात आपापलं घ्यायचं.

दह्यासाठी १५० ग्रॅम शेंगदाणे सहा-आठ तास भिजवून सालं काढावीत, ६०० मिलिलिटर पाण्यात बारीक वाटून गाळावेत, आणि ते दूध सतत ढवळत उकळी आल्यावर आणखी पाच मिनिटं शिजवावं. इथे घाई केली तर कच्चा वास राहतो आणि पाणी वेगळं होतं. कोमट झाल्यावर त्यात पाच-सहा हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून आठ-दहा तास उबेला ठेवावं. पहिलं दही पातळ लागतं; त्याचंच विरजण लावलेलं दुसरं बरं जमतं. ठाण्याच्या उकाड्यात हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर होऊन जातं. लंडनच्या जानेवारीत ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवावं लागतं. कढी करताना गार दह्यातच बेसन फेटायचं आणि खळखळून उकळू द्यायचं नाही.

आता तब्येतीचा भाग. इथे ब्रिटिश सल्ला तसाच्या तसा ठाण्यात लागू करणं धोक्याचं ठरतं. आयुष्यभर मांस-अंडी खाल्लेला ब्रिटिश माणूस वीगन होतो तेव्हा त्याच्या यकृतात बी-१२ या, मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळणाऱ्या, जीवनसत्त्वाचा काही वर्षांचा साठा असतो. शाकाहारी मराठी माणसाचा साठा मुळात तुटपुंजा असतो. पुण्यातल्या पुरुषांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांत बी-१२ कमी आढळलं होतं. तेव्हा 'दोन वर्षांनी बघू' हे आपल्याला परवडत नाही. गोळी पहिल्या दिवसापासून हवी: रोज किमान १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. या आकड्यांतली तफावत विचित्र वाटते, पण शरीर एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेहमीच्या वाटेनं शोषतं. त्यावरच्या मात्रेतला जेमतेम एक टक्का आत जातो. स्पिरुलिना नावाचं शेवाळ, आंबवलेलं इडलीचं पीठ, न धुतलेल्या भाज्या यांवर या बाबतीत विसंबू नये. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ त्या औषधानंही घटतं, म्हणून त्यांनी आधी रक्त तपासून घ्यावं. आधीच कमी निघालं तर वरची मात्रा पुरणार नाही, डॉक्टर सांगतील ती घ्यावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं ही गोळी चुकवणं बाळाच्या मेंदूवर बेततं. यात तडजोड नाही.

आयोडीनची गोष्ट बरोबर उलटी आहे. भारतात खाण्याच्या मिठात आयोडीन सक्तीचं आहे, ब्रिटनमध्ये नाही. इथे लोकांना ते मुख्यतः दूध आणि मासळीतून मिळतं. ठाण्याहून शिकायला आलेला मुलगा इथे वीगन झाला तर नकळत आयोडीन गमावतो, आणि ठाण्यात राहिलेली बहीण 'नैसर्गिक' म्हणून सैंधवावर गेली तर तीही. तिला साधं आयोडीनयुक्त मीठ पुरे आहे. त्याला १५० मायक्रोग्रॅमची गोळी हवी. केल्प या समुद्री शेवाळाची मात्र नको, त्यात प्रमाण कधी फारच वाढतं.

प्रथिनांत आपली फसगत वाटीनं होते. पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ वीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे प्रथिनं पाचेक ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला निदान ५० ग्रॅम लागतात. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, ६० ग्रॅम कडधान्याची उसळ, ३० ग्रॅम सोया वडी, मूठभर शेंगदाणे आणि भात इतकं पोटात गेलं तर हिशेब जुळतो. कॅल्शियमसाठी नाचणी, पॉलिश न केलेले तीळ आणि मुळ्याचा पाला. पालक आणि माठ यांतलं कॅल्शियम ऑक्झॅलेटमध्ये अडकून राहतं. घरी गाळलेल्या बदामाच्या किंवा ओटच्या दुधात कॅल्शियम नावालाच असतं. विकत घेतलेल्या डब्यात १०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम टाकलेलं असेल तरच ते दुधाच्या जागी धरावं, आणि डबा आधी हलवावा, नाहीतर ते तळाशी बसून राहतं. मासळी सुटली की जवसाची चटणी रोज एक मोठा चमचा घ्यावी, कुटूनच. अख्खे जवस तसेच बाहेर पडतात. चहा जेवणाला लागून नको, त्यानं लोह वाया जातं.

आणि वीगन म्हणजे आपोआप पौष्टिक नव्हे. ब्रिटनमधलं वीगन चीज बहुतेक वेळा खोबरेल आणि स्टार्चचा गोळा असतो. फरसाण आणि कांदाभजीसुद्धा वीगनच आहेत.

दुकानात हिरवा ठिपका बघून थांबू नये, त्यात दूध येतं. भारतात २०२२ पासून वीगन पदार्थांसाठी वेगळे नियम आहेत आणि हिरव्या रंगातली व्ही अक्षराची खूण आहे, पण बिस्किटं, पाव, तयार मसाले यांच्या पाकिटामागची 'कंटेन्स' ही ओळ जास्त उपयोगाची. दुधाची पावडर तिथे सापडते. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्याही तपासाव्यात: डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीच्या तेलातून काढतात आणि कॅप्सूलचं कवच प्राणिज जिलेटिनचं असतं. दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं डी-३ मिळतं.

सणांत दोन पंचामृतांची आठवण ठेवावी. देवाच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर. त्यातली पहिली चार वीगन माणसाला चालत नाहीत. तीर्थ हातावर आलं तर काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर आजीच्या हातून घ्यावं. पानातलं पंचामृत मात्र मिरच्या, शेंगदाणे, तीळ, खोबरं, चिंच आणि गुळाचं, ते पोटभर खावं. उकडीच्या मोदकांची उकड वाटीभर पिठीला वाटीभर पाणी आणि चमचाभर तेलावर उत्तम होते, आणि वर तुपाऐवजी नारळाचं घट्ट दूध घ्यावं. पुरणपोळीशीही तेच.

सुट्टीत इथून ठाण्याला जाणाऱ्यांनी बॅगेत वीगन चीज भरू नये. बी-१२ ची बाटली ठेवावी आणि निघायच्या आधी फोन करावा: "काकू, माझ्यासाठी वेगळं काही करू नका. मासे टाकायच्या आधी दोन वाट्या रस्सा काढून ठेवा, आणि वालांना मोड आणायचे असतील तर सोलायला मी येतोय."