नैरोबी वगळून केनिया पाहा, या सल्ल्याचा प्रतिवाद

केनियाची सहल ठरली की पर्यटकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला हमखास येऊन पडतो: नैरोबीत पाहण्यासारखे काही नाही, शहर धोक्याचे आहे, शाकाहारी माणसाचे खाण्याचे हाल होतात, आणि खरी आफ्रिका जंगलात आहे, तेव्हा विमानतळावरून थेट मसाई माराचे अभयारण्य गाठा. यांपैकी धोक्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. उरलेले तीन मुद्दे तपासून पाहिले तर टिकत नाहीत.

पाहण्यासारखे काही नाही, असे म्हणणाऱ्याने बहुधा विमानतळ ते हॉटेल एवढाच रस्ता पाहिलेला असतो. शहराच्या मध्यापासून अवघ्या सात किलोमीटरवर, १९४६ साली स्थापन झालेले ११७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे सिंह, जिराफ आणि काळे गेंडे मोकळे फिरतात आणि त्यांच्या पाठीमागे क्षितिजावर उंच इमारती दिसतात. हत्ती मात्र तेथे नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. शिकाऱ्यांकडून जप्त केलेले हस्तिदंत १९८९ आणि २०१६ मध्ये जाहीरपणे जाळण्यात आले, ती जागाही याच उद्यानात आहे. शहराच्या उत्तरेला करुरा हे अरण्य आहे. बिल्डरांच्या घशात जाऊ पाहणारी ही जमीन वाचवण्यासाठी वांगारी मथाई यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस मार खाल्ला, आणि २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. आज तेथे सकाळी लोक निवांत फिरायला येतात.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. मोबाइल हिसकावण्याचे प्रकार होतात, अंधार पडल्यावर मध्यवर्ती भागात पायी फिरू नये, आणि गाडी सिग्नलला थांबली की काच खाली करून फोन हातात धरू नये, असे तेथील लोकच बजावतात. २०१३ आणि २०१९ मध्ये शहरात मोठे दहशतवादी हल्ले झाले, हेही लपवण्याचे कारण नाही. परंतु दिवसा जाणे, ॲपवरून टॅक्सी मागवणे, दागिने घरी ठेवणे एवढी खबरदारी घेतली की पर्यटकाचा दिवस सहसा सुरळीत जातो. मुंबईवरही असे हल्ले झाले आहेत. म्हणून पाहुण्यांना विमानतळावरूनच अजिंठ्याला पिटाळावे, असे आपण म्हणत नाही.

शाकाहाराबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ज्या शहरात चपाती आणि उसळीसारखा घेवडा हे सर्वसामान्य माणसाचे जेवण आहे, तेथे उपाशी कोण राहील? चपाती मात्र आपली नव्हे. मैद्याची, तेल लावून पदर काढलेली, पराठ्याकडे झुकणारी असते. तिच्यासोबत सुकुमा विकी ही हिरवी पालेभाजी आणि मक्याचा घट्ट उगाली मिळतो. भाजीत मांसाचा रस्सा घातला आहे का, एवढे विचारून घ्यावे. पार्कलँड्स आणि न्गारा भागांत गुजराती थाळीही मिळते.

सर्वांत आक्षेपार्ह आहे ते ‘खरी आफ्रिका जंगलात’ हे विधान, कारण त्यात अज्ञानापेक्षा तुच्छता अधिक आहे. मोंबासाहून निघालेल्या रेल्वेचे ठाणे म्हणून १८९९ मध्ये हे शहर वसले, ती रेल्वे बांधायला हजारो मजूर हिंदुस्थानातून नेले गेले, आणि पुढे किकुयू, लुओ, लुह्या, कांबा, सोमाली अशा अनेक समाजांनी मिळून ते घडवले. २०१९च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ४४ लाख भरली. २०१७ मध्ये केनिया सरकारने भारतीय वंशाच्या नागरिकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. ज्यांना मसाई समाज पाहायला माराच गाठावा लागतो असे वाटते, त्यांनी मोई अॅव्हेन्यूवरील राष्ट्रीय अभिलेखागारात जावे. तेथे जोसेफ मुरुंबी यांनी आयुष्यभर जमवलेला आफ्रिकी कलावस्तूंचा संग्रह तळमजल्यावर मांडला आहे. मुरुंबी १९६६ मध्ये देशाचे उपाध्यक्ष होते. त्यांचे वडील गोमंतकीय आणि आई मसाई. यांतली कोणती बाजू ‘खरी’ धरायची, हे सल्ला देणाऱ्यांनी सांगावे. सिटी पार्कमध्ये त्यांच्या समाधीजवळच पिओ गामा पिंटो यांची कबर आहे. नैरोबीत जन्मलेल्या या गोमंतकीय पत्रकाराने केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास भोगला, गोव्याच्या मुक्तिलढ्यालाही हातभार लावला, आणि १९६५ मध्ये याच शहरात त्यांची हत्या झाली. गोव्याहून आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्याने निदान या दोन समाधींसाठी तरी वाट वाकडी करावी.

नैरोबीहून मारापर्यंत रस्त्याने पाच-सहा तास लागतात, त्यामुळे एक मुक्काम शहरात केल्याने सहल बिघडत नाही. उद्यान पहाटे उघडते. ते आधी उरकून दुपारी अभिलेखागार गाठता येते. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे माराच्या ऐन हंगामात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या या शहरात पहाटे चांगलीच थंडी असते, तेव्हा स्वेटर हातातल्या बॅगेतच असू द्यावा.