‘घरीच तर असता ना तुम्ही’

आज दुपारी ओळखीतल्या एक बाई आल्या होत्या. हातात मोठी पिशवी आणि पिशवीत त्यांच्या आईची पातळं. वाकळ, म्हणजे जुन्या कापडाचे थर टाचून केलेली गोधडी, शिवून हवी म्हणाल्या. मला मनापासून बरं वाटलं. पातळं उलगडून बघितली. त्यातली दोन तर जुनी इचलकरंजीची सुती, धुवून धुवून सायीसारखी झालेली. चहा झाला, काठ कसा घ्यायचा, वर कुठला रंग ठेवायचा ते बोलून झालं, आणि मग मी पैसे सांगितले. त्यांचा चेहराच बदलला. ‘‘एवढे? अहो, नुसते टाके तर घालायचेत. आणि घरीच तर असता ना तुम्ही, तुमचाही वेळ जातो त्यात.’’

मी गप्प बसले. घरी आलेल्या माणसाला काय बोलायचं? पण त्या गेल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून इथं लिहितेय.

वेळ जातो म्हणजे काय हो? माझा वेळ कुठं पडून असतो का, की तो घालवायला मी वाकळ घेऊन बसते? सकाळचा स्वयंपाक, सासूबाईंचं औषधपाणी, धुणं हे सगळं उरकून जो उजेड हातात राहतो तो मी वाकळेला देते. संध्याकाळी ट्यूबच्या प्रकाशात गडद कापडावर टाका दिसत नाही, तिरका जातो, आणि तिरका गेलेला टाका दुसऱ्या दिवशी उसवावा लागतो. म्हणजे हे काम दिवसाउजेडीच करायचं असतं.

आणि टाका घालणं तर नंतरचं. आधी कापड निवडायचं. जरीचा काठ काढून टाकायचा, कारण जर अंगाला टोचते. शर्टाच्या शिवणी ब्लेडनं उसवायच्या, बटणं काढून डबीत ठेवायची. नवं कापड असेल तर आधी भिजवून आटवून घ्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते एकटंच आटतं आणि सगळी वाकळ ओढून धरतं. मग फरशीवर एकेक थर अंथरायचा, हातानं चुण्या काढायच्या, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पितळी तांबे जे सापडेल ते ठेवायचं, आणि मोठमोठे टाके घालून थर टाचून घ्यायचे. तेवढा वेळ घरात कुणी पंखा लावायचा नाही, कुणी मधून चालायचं नाही. दोन खोल्यांच्या घरात हे जमवून बघा एकदा. त्यानंतर वाकळेवरच बसायचं, म्हणजे आपल्या वजनानं ती ताणून राहते, आणि कडेपासून धावदोरा घालत गोल गोल आत यायचं. मध्यावर पोचेपर्यंत सगळी ढिलाई तिथं गोळा झालेली असते. ती हातानं जिरवत जिरवत शिवायची, हे कुणी सांगून येत नाही.

माझे आप्पा एसटीत कंडक्टर होते. ते गेल्यावर आईनं ट्रंकेतून त्यांची खाकी काढली. चार शर्ट, तीन पँटी. खाकीला बोहारीण भांडं देत नाही, आणि दिलं असतं तरी आईनं ती दिली नसती. म्हणाली, ‘‘याची वाकळ हुईल का गं?’’ मी होईल म्हटलं. टेरिकॉटची खाकी ती. जाड, गुळगुळीत, सुई आत घ्यायलाच तयार नाही. शिवणीवर चार पदर एकत्र आले की सुई अडायची, ती मग पक्कडीनं ओढून काढायची. किती सुया मोडल्या असतील! बोटात अंगुस्तान घालूनही अंगठ्याच्या पेराला भेगा पडल्या, रात्री पाण्यात हात घालवत नव्हता. पावसाळा सगळा त्या एका वाकळेत गेला.

नुसते टाके.

मशीनवर शिवली असती तर पटकन झाली असती, मान्य. ज्या बायका पोटासाठी वाकळा शिवतात त्यांना मशीन लागतंच, त्यांनी हातानं शिवत बसावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण मशीनचा टाका थराला आवळून टाकतो आणि वाकळ ताठ होते. हातचा टाका थोडा सैल असतो, म्हणून थरांमध्ये हवा राहते आणि चार धुण्यांनंतर सगळीकडं ती बारीक सुरकुती येते. मला ती सुरकुती फार आवडते. त्यावरून नुसता हात फिरवला तरी कळतं, ही वाकळ कुणीतरी बसून शिवलीय.

आता तर ऑनलाइन ‘हँडमेड गोधडी’ म्हणून काय काय विकतात! ठिगळांची नक्षी चक्क छापलेली असते. एकच अखंड कापड, त्यावर चौकोन छापलेले, आत फायबर भरलेलं. फोटो बघून लोक मला विचारतात, तिथं इतक्यात मिळते, मग तुमची का महाग? उलटी बाजू बघा म्हणावं. वाकळेची खरी ओळख पाठीमागून पटते. मागंही टाका तेवढाच सरळ आणि तेवढाच बारीक दिसला तर ती बाईनं मन लावून शिवलेली असते.

आणि मी लावलेली मजुरी भांगलणीला जाणाऱ्या बाईच्या हजेरीपेक्षाही कमी बसते. तरी महाग. बाहेर जाऊन केलं की काम, घरात बसून केलं की टाइमपास, हे कुणी ठरवलं? माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही घरात मसाले करता, पापड लाटता, ब्लाउज शिवता, प्रत्येकीनं हे ऐकलेलं आहे. मला माहितीय.

अमेरिकेतल्या भाचीनं मागं एक फोटो पाठवला होता. अलाबामात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाची वस्ती आहे, पूर्वी गुलामीत राबवलेल्या काळ्या लोकांच्या लेकीसुना तिथं पिढ्यान् पिढ्या गोधड्या शिवतात. तिथल्या मिसूरी पेटवे नावाच्या बाईनं १९४२ साली, नवरा गेल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. विटलेलं, वापरून मऊ पडलेलं कापड. त्या गावच्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये तिकडच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. मी फोटो आईला दाखवला. तिनं चष्मा लावून तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, ‘‘हिनं खिसा ठेवलाय का?’’

खिशाचं सांगायचं राहिलं. आप्पांच्या एका शर्टाच्या खिशाला खाली शाईचा डाग होता. पेन गळलेलं कधीतरी. कितीदा धुतला तरी गेला नाही. मी तो खिसा उसवला नाही, डागासकट तसाच वरच्या थरावर घेतला, तोंड उघडं ठेवून, आणि धावदोरा त्याच्याभोवतीनं फिरवला. खिशाशी दोऱ्याची ओळ वळवायला मला फार विचार करावा लागला, कारण ओळ तुटली असती तर तिथंच वाकळ फुगली असती. आता आई रात्री चष्मा काढला की त्या खिशात ठेवते. सकाळी चाचपायला लागत नाही.

मला सांगा, याची किंमत ‘घरीच तर असता’ म्हणून कमी करायची?

कर्नाटकात हलियाळ-यल्लापूरकडच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात तेव्हा चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुलं लावतात, आणि फुलं लावल्याशिवाय कवंद पुरं झालं असं त्या मानत नाहीत. ऊब द्यायला त्या फुलांची काय गरज? पण त्यांना ती लागतात. मला ते आतून समजतं.

वाकळ जड असते, ओली झाली की आईच्यानं उचलवत नाही, पावसाळ्यात वाळत नाही, हे सगळं खरं आहे. नवरात्राच्या आधी वाकळा धुवायच्या म्हटलं की आजही माझी पाठ आधीच दुखायला लागते. पूर्वी नदीला नेऊन, दगडावर आपटून, दोघींनी दोन टोकं धरून पिळायच्या. आता बाथरूममध्ये पायानं तुडवायच्या आणि गच्चीवर तीन-तीन दिवस उन्हात फिरवायच्या.

पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीत घुसलं होतं, ते आठवा. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेनं गाद्यांचे ढीग. कापसाची गादी गाळ प्यायली की ती संपली, फोमचंही तेच. वाकळा मात्र बायका टाकून देत नव्हत्या. पाइप लावून, तुडवून, पुन्हा पुन्हा धूत होत्या. प्रत्येक थर दुसऱ्याला टाक्या-टाक्यानं धरलेला, आत सुटं असं काहीच नाही, त्यामुळं गाळ निघून येत होता. सगळ्याच वाचल्या असं नाही. पण ज्या वाचल्या त्या ह्याच ‘नुसत्या’ टाक्यांनी.

थोडा राग उतरलाय आता. खरं सांगू, या कामासारखं सुख मला दुसऱ्या कशातच मिळालेलं नाही. जुन्या सुतातून दुपदरी दोरा ओढताना बारीकसा सर्र आवाज येतो, तो ऐकत बसावंसं वाटतं. दुपारी शेजारच्या आक्का येतात, सुईत दोरा ओवून देतात आणि एकेका ठिगळाचं नाव विचारतात. हे कुणाचं, ते कुणाचं. खाकी शिवत होते तेव्हा तर आमच्या गल्लीतली माणसं येऊन आप्पांच्या गोष्टी सांगून जायची. रात्रीच्या शेवटच्या गाडीला एका बाळंतिणीला आप्पांनी घरच्या दारापर्यंत कसं सोडलं, हे मला एका परक्या माणसानं वाकळेपाशी बसून सांगितलं. घरात आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं. मशीनच्या खडखडाटात तो हे सांगत बसला असता का?

चिडचिड होते ती कापडानं. आजकाल घराघरातून येतात त्या साड्या जॉर्जेट, नायलॉन, पॉलिस्टर. थर एकमेकांवर ठरत नाहीत, टाचून घेतले तरी सरकतात, घाम शोषत नाहीत, सुई ओढताना कर्रकर्र वाजते. शिवून पांघरलं तर रात्री अंगाला चिकटतं. यंत्रमागांनी भरलेलं इचलकरंजी आमच्या इतक्या जवळ, आणि मला सुती पातळासाठी दारोदार विचारावं लागतं, याचं वाईट वाटतं. नव्या सुती साड्या महाग पडतात आणि इस्त्री मागतात, म्हणून बायका नेसत नाहीत. त्यांची बाजू मला कळते. वाकळेचं नुकसान व्हायचं ते होतंच.

दुसरा वैताग सुईचा. सुई हरवली की घरभर हाहाकार. कुणी अनवाणी चालायचं नाही, सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, मी लोहचुंबक घेऊन फरशी झाडते आहे. आमच्याकडं नातू रांगता आहे, त्यामुळं उठताना सुई डब्यात, डबा कपाटात, कपाटाला कडी. यात हयगय नाही.

त्या बाईंची पिशवी अजून इथंच आहे. उद्या मी त्यांना फोन करून सांगणार आहे, पैसे तेच राहतील, पटलं तर शिवते, नाहीतर पातळं जशीच्या तशी घडी घालून परत देते. मोडता घालणारे आत्ताच म्हणतायत, बाई दुखावतील. दुखावू देत. मला नाही चैन पडत.

तोवर भाचीच्या बाळाचं दुपटं हातात आहे. त्याला मऊ सुती लागतं. कुणाकडं जुनं पातळ, धोतर, सुती परकर पडून असेल तर बोहारणीला देण्याआधी मला कळवा, मी स्वतः येऊन नेईन. फाटकं चालेल, डागाळलेलं चालेल, जॉर्जेट नको. फोन दुपारी चारनंतर करा. त्याआधी उजेड असतो, मी कामावर असते.