मोबाईल नंबर हा वाय-फायचा पासवर्ड नसतो!

ड्रिलनं भिंतीला भोक पाडायचं, वायर आत घ्यायची, खिळ्याला वाय-फायची डबी (राऊटर) लटकवायची, यूट्यूब चालवून दाखवायचं आणि पैसे घेऊन गाडीला किक मारायची. जाता जाता एक वाक्य: "काका, पासवर्ड तुमचाच मोबाईल नंबर ठेवलाय, लक्षात राहील." नांदेड असो, बीड असो, नाहीतर सेलू-मानवतची एखादी गल्ली, नवं नेट असंच बसवायलेत. दाराला कडी-कोयंडा न लावता निघून जाणाऱ्या सुताराला आपण पैसे दिले असते का? मग यांना कशाचे देतो? नीट करायला फक्त पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, आणि तेवढीही कुणी द्यायला तयार नाही, याचा संताप येतो.

नंबरचं गणित एकदा बघाच. आपले मोबाईल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ नं. म्हणजे सगळ्या मिळून शक्यता ४०० कोटी. आकडा दांडगा वाटतो, पण फोन वाय-फायला जोडताना राऊटर आणि फोन एकमेकांना चार निरोप देतात, आणि डब्ल्यूपीए-२ या वाय-फायच्या कुलपात ते निरोप जवळ बसलेला कुणीही हवेतून टिपू शकतो. एकदा टिपले की पुढचं काम त्याच्या घरी, तुमच्या राऊटरला हात न लावता. गेम खेळायचं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला पाच लाखांहून जास्त पासवर्ड ताडून बघतं. ४०० कोटींना पाच लाखांनी भागा. ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास. आणि ज्याच्याकडे तुमचा नंबर आधीच आहे, म्हणजे दूधवाला, किराणा दुकानदार, गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपातली शंभर माणसं, त्याला तर एक सेकंदही लागत नाही.

यावर लगेच उत्तर येतं, "जाऊ द्या की वो, पोरं दोन रील बघतील, आपलं काय जायलंय?" पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही ही आपल्याकडची रीत चांगलीच आहे, पण वाय-फाय म्हणजे पाण्याचा तांब्या नव्हे. वाय-फायवर आलेला माणूस तुमच्या घराच्या आत असतो. तिथून राऊटरचं सेटिंगचं पान उघडतं, आणि त्याचा पासवर्ड 'ॲडमिन' असाच असेल तर तो डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा) बदलून तुम्हाला खोट्या पानांकडे वळवू शकतो. अंगणातला सीसीटीव्ही त्याच जाळ्यावर असतो. आणि तुमच्या जोडणीवरून कुणी काही भलतं केलं तर पोलिसांना पहिला पत्ता तुमचाच दिसतो. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी गेलेला धमकीचा मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून पाठवलेला होता, आणि माग काढत तपास त्या घरापर्यंतच गेला. इतकी वर्षं झाली, तरी आज "पासवर्ड काय ठेवू?" या प्रश्नाला "एक ते आठ ठेव" असं उत्तर मिळायलंय. डोकं फिरणार नाही तर काय होईल!

तर आता नीट कसं करायचं. फोन वाय-फायला जोडा आणि मोबाईल डेटा बंद करा, नाहीतर काही फोन पान उघडायला डेटाकडेच पळतात. राऊटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. स्टिकर घासला गेला असेल तर फोनमध्ये वाय-फायच्या तपशिलात 'गेटवे' म्हणून जो आकडा दिसतो तोच हा पत्ता. तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत इंग्रजी आकड्यांत टाकायचा. लोक गूगलच्या शोधात टाकतात आणि कुठल्यातरी जाहिरातीच्या पानावर जाऊन "उघडंना" म्हणतात.

पहिलं काम, या पानाचाच पासवर्ड बदला. वाय-फायचा वेगळा आणि पानाचा वेगळा, हे बसवणारा कधी सांगत नाही. २०१६ च्या मिराई नावाच्या विषाणूनं जगभरातले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणूनच. तिथंच 'रिमोट मॅनेजमेंट' (बाहेरून इंटरनेटवरून हे पान उघडायची सोय) दिसलं तर बंद करा. 'टीआर-०६९' ही मात्र ऑपरेटरची लांबून डबी सांभाळायची सोय असते, त्याला विचारल्याशिवाय हलवू नका.

मग वायरलेस सिक्युरिटी, म्हणजे वाय-फायचं कुलूप कोणतं ते. यादी उघडली की बनवणाऱ्यांचा राग येतो. जुन्या डब्यांत अजून 'डब्ल्यूईपी' निवडता येतं. हे कुलूप १९९७ चं, त्याची फोड २००१ मध्येच जगजाहीर झाली, आज ते काही मिनिटांत उघडतं. मग ते यादीत ठेवलंय कशाला? तुम्ही निवडायचं ते डब्ल्यूपीए-३, आणि घरातली उपकरणं जुनी असतील तर 'डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३' मिश्र. तेही नसेल तर डब्ल्यूपीए-२ आणि पुढे 'एईएस' ही माहिती गुप्त करायची पद्धत. 'टीकेआयपी' ही जुनी पद्धत किंवा 'ऑटो' ठेवू नका. नुसतं टीकेआयपी राहिलं तर सुरक्षा कच्चीच, शिवाय वेग ५४ एमबीपीएसच्या पुढं सरकत नाही. १०० एमबीपीएसचे पैसे भरून "नेट स्लो चालायलंय" म्हणणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

मिश्र केल्यावर जुना प्रिंटर किंवा टीव्ही जोडलाच जात नाही, असंही होतं. तिथं 'पीएमएफ' (जोडणीचे निरोप सुरक्षित ठेवणारा) नावाचा पर्याय 'रिक्वायर्ड' वर असेल तर 'ऑप्शनल' वर आणा. बसवणारे मात्र एका टीव्हीसाठी अख्खी सुरक्षाच काढून मोकळे होतात. एवढा आळस?

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. आठ अक्षरं म्हणजे दाराला सुतळी बांधल्यासारखं. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत जोडा, कुळव-रांजण-हुरडा-चप्पल असे काहीतरी, वीसच्या वर अक्षरं होतात आणि घरातल्या आजीलाही सांगता येतात. हेच चार घेऊ नका म्हणजे झालं. नेटवर्कचं नावही बदला. पासवर्डची किल्ली तयार होताना ते नाव त्यात मिसळलेलं असतं, त्यामुळं कारखान्यातून आलेल्या सरसकट नावांसाठी चोरांना अशा किल्ल्यांचे तक्ते आधीच करून ठेवता येतात. पण नावात आडनाव किंवा घर नंबर घालू नका.

राऊटरचं वाय-फाय बहुतेक दोन पट्ट्यांवर चालतं; हे सगळं २.४ गिगाहर्ट्झवर केलं आणि ५ गिगाहर्ट्झ तसंच राहिलं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. बऱ्याच डब्यांत दोन्हींची पानं वेगळी असतात. 'गेस्ट' म्हणजे पाहुण्यांसाठीचं नेटवर्क तिसरं. आणि घरात ऑपरेटरची फायबरची डबी एक व स्वतःचा राऊटर दुसरा असेल, तर त्या डबीचंही वाय-फाय चालूच असतं, स्टिकरवरच्या पासवर्डसकट. ते बंद करा. डबीच्या पानाचा पासवर्ड मागितला की "ते कंपनीचं असतंय" म्हणून टोलवतात. महिन्याला पैसे भरणाऱ्याला आपल्याच घरातल्या यंत्राचं कुलूप का बदलता येऊ नये?

आता डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण जोडायची सोय. ती २००६ मध्ये आली. बटण दाबून जोडणी हा तिचा एक भाग; दुसरा भाग आठ आकडी पिनचा, आणि घोळ तिथंच आहे. शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि राऊटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो. चार आकडी तुकड्याच्या १०,००० शक्यता, तीन आकडीच्या १,०००. एकूण ११,०००. डिसेंबर २०११ मध्ये हे उघड झालं. ६३ अक्षरांचा पासवर्ड ठेवा, पिन चालू असेल तर तो मागच्या दारानं मिळतो. पान शोधा, बंद करा, सेव्ह करा, राऊटर बंद-चालू करून पुन्हा बघा, कारण काही जुन्या डब्यांत बंद केल्यावरही पिन चालू राहिल्याचं आढळलंय.

लातूरच्या क्लासच्या भागात, जिथं एका भिंतीपलीकडं दहा पोरांची खोली असते, तिथं लोक 'नाव लपवा' आणि 'मॅक फिल्टर' (ठराविक उपकरणांच्या मॅक पत्त्यांनाच आत घेणारा) वर भरवसा ठेवतात. लपवलेलं नाव जोडणीच्या वेळी हवेत उघडंच जातं, उलट तुमचा फोन बाहेर गेल्यावरही ते नाव पुकारत फिरतो. मॅक पत्ताही उघडाच असतो, कुणीही ऐकून आपल्या मशीनला लावतो. त्यात अँड्रॉइड १० पासून फोन नेटवर्कला बनावट मॅक दाखवतो, म्हणजे फिल्टर लावून भांडण घरच्याच फोनशी. त्यावर घालवलेली संध्याकाळ वाया.

फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करताना मॉडेलसोबत स्टिकरवरची हार्डवेअर आवृत्ती जुळवा आणि राऊटर इन्व्हर्टरवर असल्याशिवाय सुरू करू नका. आपल्याकडं लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि मध्येच गेली तर डबीची वीट होते, म्हणजे ती पुन्हा चालूच होत नाही.

आणि एक, कळकळीनं. काही अडलं की मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबायचा सल्ला देणाऱ्यांना हात जोडून सांगा, थांबा. त्यानं पासवर्डसोबत पीपीपीओईचं (ऑपरेटरकडं तुमची जोडणी लॉगिन करण्याचं) युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं, काही डब्यांत व्हीलॅन नंबर (ऑपरेटरच्या जाळ्यातल्या वाटेचा नंबर) सुद्धा. मग नेट बंद, ऑपरेटरचा फोन लागंना, आणि दोन दिवसांनी आलेला पोरगा पुन्हा 'एक ते आठ' ठेवून जातो. म्हणून तो पहिल्या दिवशी दारात उभा असतानाच, पैसे हातावर ठेवायच्या आधी, पीपीपीओईचं नाव, त्याचा पासवर्ड, व्हीलॅन नंबर आणि पानाचा लॉगिन या चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. "नंतर पाठवतो" म्हणाला तर पैसेही नंतरच पाठवा.