घरी मराठी बोलल्याने मूल इंग्रजी शाळेत मागे पडते काय?

‘मूल इंग्रजी माध्यमात घातले असेल, तर घरीही इंग्रजीच बोला, दोन भाषांनी त्याचा गोंधळ उडतो, ते उशिरा बोलू लागते, मराठी आकड्यांनी गणित बिघडते, आणि मेंदूची ८५ टक्के वाढ सहा वर्षांच्या आत होत असल्याने हा काळ मराठीत दवडू नका,’ असा मजकूर पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सतत फिरत असतो.

आधी आकडा पाहू. तो २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खरोखरच आहे. मात्र किमान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, शिक्षणाचे माध्यम घरची भाषा असावे, असेही तेच धोरण सांगते. मजकूर लिहिणाऱ्याने आकडा उचलला आणि शिफारस गाळली.

गोंधळाचे म्हणाल, तर ‘आजी, माझ्या शूजला चिखल लागला’ या वाक्यात शब्द एकच उसना आहे. विभक्ती, क्रियापद, सारी घडण मराठीच आहे. हेच मूल बाईंशी इंग्रजीत आणि आजीशी मराठीत बोलते, म्हणजे कोणाशी काय बोलावे हे त्याला पुरते कळलेले असते.

घरात इंग्रजी बोलण्याचा सल्ला मात्र खरोखर नुकसान करणारा आहे. आईवडील सफाईने इंग्रजी बोलत असतील, तर त्यांनी ते जरूर बोलावे. पण पुष्कळ घरांत ते ‘कम फास्ट’, ‘फिनिश युअर मिल्क’ अशा हुकमांपलीकडे जात नाही. मेथी निवडणाऱ्या आईला चार वर्षांची मुलगी ‘हे पान का टाकायचं?’ असे विचारते, तेव्हा मराठीतले उत्तर पिवळ्या पानावरून किडीवर, किडीवरून तिने पाडलेल्या भोकांवर आणि तेथून शेतापर्यंत जाते. इंग्रजीत ते ‘इट इज बॅड’ येथेच आटोपते. कोवळे-जून, आधी-नंतर, म्हणून-तरी या कल्पना एकदा मराठीत पक्क्या झाल्या, की शाळेत त्यांना केवळ नवे शब्द चिकटवायचे उरतात. भेंड्या खेळताना शेवटचे अक्षर पकडणारा कानही पुढे इंग्रजी वाचनात उपयोगी पडतो.

आकड्यांच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. ‘सदुसष्ट’मध्ये सात आधी ऐकू येतात आणि ‘एकोणसाठ’मध्ये तर नऊचा पत्ताच नसतो, म्हणूनच २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ सात’ अशी पद्धत आली आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. परंतु त्यासाठी भाषा सोडण्याचे कारण नाही. खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या सहा जुड्या आणि सात सुट्या काड्या समोर मांडल्या, की मूल ते दोन्ही नावांनी म्हणते.

राहिला उशिरा बोलण्याचा प्रश्न. दोन भाषांत वाढणारी मुले साधारण इतरांच्याच वयात बोलू लागतात. एकेका भाषेतले शब्द कमी वाटले, तरी मोजताना दोन्हींची बेरीज करायला हवी. दोन वर्षांचे मूल कोणत्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, तर मराठी बंद करून वाट पाहत बसू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि आधी त्याचे कान तपासून घ्यावेत.