काटा लावायचा तर सगळ्यांना लावा

गेल्या मे महिन्यात आई आणि मी मुंबईच्या विमानाला निघालो होतो. गेटवर आईची पिशवी काट्यावर ठेवायला लावली. 8 किलो 400 ग्रॅम. मर्यादा 7 किलोची. पैसे भरा, नाहीतर सामान काढा.

आई तिथेच फरशीवर बसली आणि पिशवी उघडली. सोलं, कुळथाचं पीठ, वर्तमानपत्रात गुंडाळलेली फणसाची साठं. लोणचं आणि मसाला हातात चालत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून ते तिने आधीच मोठ्या बॅगेत घातलं होतं. म्हणजे नियम पाळायची तिची तयारी होती. चुकलं ते सव्वा-दीड किलोने. आमच्या पुढच्या गृहस्थांकडे चाकांची बॅग, पाठीला भरगच्च सॅक आणि हातात काजूची पिशवी होती. त्यांना कुणी थांबवलं नव्हतं. "ह्यां टाकूचां नाय," आई एवढंच म्हणाली. मी पैसे भरले. पैशांचं दुःख नाही, पण ती फरशीवर बसलेली अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मी दहा वर्षं डब्लिनला राहते. गावी फोन केला की हा विषय निघतोच, कारण 2021 मध्ये सिंधुदुर्गातला चिपी आणि 2023 मध्ये गोव्यातला मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्याकडची कितीतरी माणसं पहिल्यांदाच विमानात बसली. त्यांना सवय कोकण रेल्वेची. तिथे स्लीपरला 40 किलो सामान फुकट नेता येतं आणि तेही सहसा कुणी मोजत नाही. चाकरमानी गावाहून परततो तो बोचकी घेऊनच. जुलै 2025 मध्ये श्रीनगरला 16 किलोच्या सामानावरून विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना मारहाण झाली, तेव्हा दादा म्हणाला, "लोकांका शिस्त नाय." मुंबईचा मामेभाऊ म्हणाला, कंपन्या लुटतात. मारहाणीचं समर्थन होऊच शकत नाही. काट्यापाशी उभी असलेली मुलं-मुली नियम बनवत नाहीत, फक्त शिव्या खातात. पण मला दोघांचंही अर्धंच पटतं.

मर्यादा हवी, यात मला शंका नाही. लहान एटीआर विमानात डोक्यावरचे कप्पे किती चिमुकले असतात ते बसलेल्याला माहीत आहे. वरून जड बॅग कुणाच्या डोक्यात पडली तर काय होईल? प्रश्न आहे तो मोजण्याचा. कुणाची बॅग मोजायची हे नजरेने ठरतं, आणि नजर कापडी पिशवीवर आधी जाते.

युरोपात सगळं छान चाललंय असंही नाही. इथे स्वस्त विमानांच्या गेटवर बॅगेचं माप बघायला लोखंडी पिंजरा असतो, बॅग त्यात बसली तर बसली. रायनएअर ही आयर्लंडची स्वस्त विमान कंपनी तर मोठी बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षीस देते. नोव्हेंबर 2025 पासून ते बॅगेमागे दीड युरोवरून अडीच युरो केलं. मला हे अजिबात मान्य नाही. मोजणाऱ्याला तुमच्या चुकीतून कमाई व्हायला लागली की तो काटा सरळ राहत नाही. पण इथे लोक नुसते चरफडत बसत नाहीत. हातातलं सामान हा प्रवासाचाच भाग आहे, ते वाजवी वजनाचं आणि मापाचं असेल तर त्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत, असं युरोपच्या न्यायालयाने 2014 मध्येच म्हटलं. नोव्हेंबर 2024 मध्ये स्पेनने अशा वसुलीवरून पाच विमान कंपन्यांना मिळून 17 कोटी 90 लाख युरोंचा दंड केला. कंपन्या त्याविरुद्ध भांडताहेत, निकाल काय लागायचा तो लागेल. पण भांडण उघड्यावर आहे, माप सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं आहे.

आपल्याकडेही हे जमतं. सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही आणि नारळही हातात नेऊ देत नाहीत. पण ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारने शबरीमलाच्या भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ तपासणी करून सोबत नेऊ दिला, 20 जानेवारी 2025 पर्यंत. सवलत कुणाला, कशासाठी, कधीपर्यंत, सगळं आधी जाहीर केलेलं. अशा सवलतीवर कुणाचा राग नसतो. राग येतो तो पुढच्याला न विचारता सोडलं आणि आपल्याला अडवलं की.

माझं मागणं फार नाही. हातातल्या बॅगेचं वजन सुरक्षा तपासणीच्या आधी करा, आणि प्रत्येकाचं करा. गेटवर पोचलेल्या माणसाला दोनच वाटा उरतात, पैसे भरणं किंवा कचऱ्याचा डबा. बाहेर पोचवायला आलेला भाऊ उभा असतो, पण त्याच्या हातात पिशवी परत देता येत नाही. आमच्यासारख्यांची तर आणखी पंचाईत: परदेशच्या तिकिटावर 23 किलोची बॅग चालते, आणि देशातलं तिकीट वेगळं काढलं असेल तर बहुतेक ठिकाणी 15 किलोच. मग जास्तीचं सगळं हातातल्या पिशवीत येतं. जादा वजनाचा दर तिकीट काढतानाच मोठ्या अक्षरांत दाखवा, म्हणजे माणूस घरीच ठरवेल की साठं न्यायची की ठेवायची.

येत्या मे महिन्यात पुन्हा येतेय. आईने काजू बी मोजायचा हुकाचा काटा आतापासूनच खुंटीला लावून ठेवलाय. आणि दादाला मी सांगितलंय, आमचं वजन होऊन आत जाईपर्यंत गाडी हलवू नको.