पड शेतं आणि ‘आळशी’ कोकणी माणूस

शिमग्याला चाकरमानी गावाकडे निघाले की एक मेसेज फिरू लागतो. कोकण मागे का? एक, जमीन कातळाची. दोन, माणूस आळशी, गावोगावची पड शेतं बघा. तीन, दक्षिण कोरियासारखा खमक्या हुकूमशहा लाभला असता तर कॅलिफोर्निया झाला असता. तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत, आणि दुसरा तर अन्यायाचा.

जमिनीचं थोडक्यात. कोकणातला हा कातळ, म्हणजे जांभा, केरळातही आहे, पाऊसही तसाच कोसळतो. तिथे १९७० पासून कुळांना मालकी मिळत गेली, गावागावांत शाळा-दवाखाने पोचले. केरळची माणसंही पोटासाठी बाहेर जातात, तरी साक्षरतेत आणि आयुर्मानात ते राज्य देशात पुढे आहे.

आता कोरिया. १९४५ मध्ये फाळणी झाली तेव्हा माणसं एक, भाषा एक, आणि अवजड कारखाने बहुतेक उत्तरेत. दोन्हीकडे जमीनदारांची जमीन शेतकऱ्यांना वाटली गेली. उत्तरेने ती १९५८ पर्यंत सामुदायिक शेतीच्या नावाखाली काढून घेतली. दक्षिणेत ती त्यांच्याकडेच राहिली. दक्षिणेतही लष्करी राजवट होती आणि त्या काळात उद्योग वाढले, हे खरं. पण खमकेपणा उत्तरेत काही कमी नव्हता, आणि उपाशी राहिली ती उत्तरच. देशांच्या समृद्धीत संस्थांचा, म्हणजे मालकीहक्कासारख्या नियम-व्यवस्थांचा, वाटा दाखवणाऱ्या तीन अर्थतज्ज्ञांना २०२४ चं नोबेल मिळालं, ते उगाच नाही.

‘आळशी’ हा शब्द मात्र मला सोसत नाही. मुंबईतल्या गिरणगावच्या कापड गिरण्या ज्यांच्या घामावर चालल्या, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं हजारोंनी होती. मुंबईत दहा-दहा तास राबणारा माणूस गावात आळशी कसा होतो? गावात खोती होती. खोत सरकारचा सारा भरायचा आणि कुळांकडून कितीतरी जास्त वसूल करायचा. भाताचं निम्मं पीक अर्धेल म्हणून त्याच्या घरी, वर वेठ, म्हणजे फुकट राबणं. उपरी, म्हणजे कायमचा हक्क नसलेल्या, कुळाला तर तो कधीही काढू शके. अशा जमिनीत कोण बांधबंदिस्ती करील, कोण कलमं लावील?

आणि पड शेतांचंच म्हणाल, तर अलिबागजवळचं चरी आठवा. १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचं थांबवलं. लाकूडफाटा विकून, उपास काढून त्यांनी १९३९ पर्यंत दम धरला. ती शेतं पड राहिली ती पिकाच्या वाटणीच्या अटी बदलाव्यात म्हणून. दरम्यान १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ च्या कायद्याने कुळांना संरक्षण दिलं. खोती उठायला मात्र १९४९ चा कायदा यावा लागला.

मग आज शेतं पड का? प्रश्न रास्त आहे. सातबारा उघडा. पणजोबांच्या नावची सामायिक जमीन, वारस ठाण्यापासून विरारपर्यंत पांगलेले, कित्येकांची वारसनोंदही नाही. कर्ज काढायचं तर सगळ्यांची संमती हवी. गावात राहिलेल्या एकाने पदरचे पैसे घालून काजू लावला, तर पीक धरल्यावर हिस्सा मागायला कोण कोण उभं राहील याचा त्याला भरवसा नाही. म्हणून तो लावत नाही. त्याला आळशी म्हणणारा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांपैकी कित्येकांचं नाव त्याच सातबाऱ्यावर असेल. त्यांनी यंदा गावी जाताना वाटपाच्या अर्जावर सही करून यावी.