खुलासा: मॉर्फिन म्हणजे शेवट नव्हे
'मॉर्फिन सुरू केलं की पेशंट दोन दिवसांत जातो, वाचलाच तर व्यसन लागतं' हा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. मॉर्फिन हे तीव्र वेदना कमी करणारं औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. डॉक्टर थोड्या डोसपासून सुरुवात करून वेदनेप्रमाणे वाढवतात. अशा देखरेखीत व्यसन क्वचितच लागतं. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत हवंच. अंमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ला झालेल्या दुरुस्तीचा एक हेतू मॉर्फिन गरजूंना सहज मिळावं हा होता. आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी काळजी, कॅन्सरची केमो चालू असतानाही घेता येते. माझ्या आईला ती गोळी सुरू झाली, तेव्हा कित्येक रात्रींनी ती कुशीवर वळून झोपली. पुढे पाच महिने ती आमच्यात होती. तो मेसेज कृपया पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हे टाका.